जॅकी कूपर की आयडा ल्युपिनो : आधी कोणाचे काम पाहावे?

हॉलिवूडच्या पडद्यावर नाव कमावून नंतर दूरचित्रवाणीच्या दिग्दर्शनाकडे वळलेल्या कलावंतांपैकी एकाचीच कारकीर्द नीट पाहण्याइतकी सवड असेल, तर माझ्या मते निवड जॅकी कूपर आणि आयडा ल्युपिनो या दोन नावांपाशी येऊन थांबते. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात मी याच पेचात होतो. दोघांचीही योग्यता मोठी आहे, आणि माझा कल शेवटी जिकडे झुकला तिकडेच प्रत्येकाचा झुकावा असा माझा आग्रह नाही.

आवाका पाहिला तर कूपर सरस ठरेल. ‘स्किपी’ या १९३१ च्या चित्रपटासाठी त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले, तेव्हा तो जेमतेम नऊ वर्षांचा होता. त्या विभागात इतक्या लहान वयाचा दुसरा कोणी आजवर आलेला नाही. त्या चित्रपटाचा दिग्दर्शक नॉर्मन टॉरोग हा त्याच्या नात्यातला. मुलाच्या डोळ्यांत खरे पाणी यावे म्हणून सेटवर त्याचा कुत्रा मारण्याची धमकी देण्यात आली. ती गोष्ट त्याच्या मनातून कधीच गेली नसावी, कारण पन्नास वर्षांनी लिहिलेल्या आत्मचरित्राला त्याने ‘प्लीज डोन्ट शूट माय डॉग’ हेच नाव दिले. मोठेपणी तो मालिकांचा नायक झाला, मग स्क्रीन जेम्स या कंपनीत वरिष्ठ अधिकारी झाला, पुढे ‘सुपरमॅन’ चित्रपटांत संपादक पेरी व्हाइट झाला, आणि दिग्दर्शनासाठी त्याने एमी हे दूरचित्रवाणीचे दोन पुरस्कार मिळवले : एक ‘मॅश’च्या एका भागासाठी, दुसरा ‘द व्हाइट शॅडो’च्या पहिल्या भागासाठी.

माझी अडचण झाली ती नेमकी त्या ‘मॅश’पाशी. कोरियन युद्धातल्या लष्करी रुग्णालयाची ही मालिका, आणि कूपरचा गाजलेला भाग आहे फ्लूच्या साथीचा. एकामागून एक डॉक्टर आडवे होतात आणि जखमींचा सगळा भार हॉकआय या नायक-डॉक्टरवर येऊन पडतो. मी तो पाहिला तो हशा घातलेल्या प्रतीत. प्रत्येक संवादाच्या शेपटाला ध्वनिमुद्रित हसू चिकटवलेले. आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती, तिने तिथूनच विचारले, “कोण आलंय रे, एवढी माणसं हसताहेत ती?” घरात कोणीही आलेले नव्हते. त्यानंतर मला त्या हशाखेरीज दुसरे काही ऐकूच येईना. दमलेला माणूस एक वाक्य बोलून किती वेळ गप्प राहतो, समोरचा त्याच्याकडे कसा बघतो, हे दिग्दर्शकाचे काम. आणि नेमक्या त्याच जागा हशाने भरून टाकलेल्या. यात कूपरचा दोष नाही हे मला मान्य आहे. हशा हवाच हा हट्ट वाहिनीचा होता, आणि शस्त्रक्रियेच्या दृश्यांपुरती सूट निर्मात्यांनी मिळवली होती. पण मला दिग्दर्शक पाहायचा होता, आणि तो या आवाजाखाली दबून गेलेला होता.

ल्युपिनोकडे मी वळलो तो असा. ती जन्माने लंडनची, १९४८ मध्ये अमेरिकेची नागरिक झालेली. वॉर्नर ब्रदर्समध्ये असताना भूमिका नाकारल्या की तिला निलंबित करत, आणि त्या रिकाम्या दिवसांत तिने दिग्दर्शकांचे काम जवळून पाहून घेतले. १९४९ मध्ये तिच्या निर्मितीसंस्थेच्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा काम तिने हाती घेतले आणि श्रेय त्याच्याच नावावर राहू दिले. पुढे तिने दूरचित्रवाणीसाठी वेस्टर्न, रहस्यकथा, विनोदी मालिका असे सारेच केले. ‘बीविच्ड’सारख्या मालिकेत तिच्याही वाट्याला तोच हशा आला, हे सांगायला हवे.

‘द ट्वायलाइट झोन’ या गूढकथांच्या मालिकेतल्या तिच्या भागात मात्र तो नाही. १९५९ मध्ये तिने याच मालिकेत स्वतःचे जुने चित्रपट बघत अंधाऱ्या खोलीत बसून राहणारी उतारवयाची नटी साकारली होती, आणि १९६४ मध्ये ‘द मास्क्स’ हा भाग दिग्दर्शित केला. त्या मूळ मालिकेत दिग्दर्शन करणारी ती एकमेव स्त्री. न्यू ऑर्लिन्सचा मार्डी ग्रासचा उत्सव, मरणाला टेकलेला धनाढ्य म्हातारा, आणि वारशासाठी मध्यरात्रीपर्यंत विद्रूप मुखवटे घालून बसायचे अशी त्याने घातलेली अट. शेवट सांगत नाही. बराच वेळ नटांचे चेहरे झाकलेलेच राहतात. उरतात खुर्चीतली चुळबुळ, मुखवट्याला लागणारे हात, आणि चिडत चाललेला आवाज. ज्या बाईने आयुष्यभर चेहऱ्यावर काम केले, तिला चेहरा काढून घेतल्यावर नटापाशी काय शिल्लक राहते हे नेमके ठाऊक होते. तिथली शांतता कोणी भरून टाकलेली नाही.

विविधता आणि पुरस्कार यांना वजन देणाऱ्याने कूपर निवडला, तर मी त्याला अडवणार नाही. ‘द व्हाइट शॅडो’मध्ये हशाची अडचणही नाही. पण दिग्दर्शनात मुरलेला नट बघायचा असेल, तर ‘द मास्क्स’साठी पंचवीस मिनिटे आधी काढावीत, असे मला वाटते. ‘मॅश’च्या डीव्हीडीवर हशा बंद करण्याची सोय आहे, हे मला उशिरा कळले. फ्लूचा तो भाग मग मी पुन्हा लावला, आणि या वेळी स्वयंपाकघरातून कोणी काही विचारले नाही.