कच्छचं मोठं रण की छोटं रण?

समुद्राचा जुना तळ पायाखाली घ्यायचा असेल, तर कच्छमध्ये दोन रणं आहेत. एकाच फेरीत दोन्ही जमत नसतील, तर मी मोठं रण निवडेन.

कारण तिथे भूगर्भ उघडा दिसतो. मिठाचा पांढरा पापुद्रा टाचेने फोडला की खाली काळा, ओला, चिकट गाळ लागतो. समुद्राच्या उथळ फाट्यात साठलेला हा गाळ, आणि जमीन उचलत गेली तशी खाडी समुद्रापासून तुटली. पांढऱ्या सपाटीत मध्येच उभा असलेला खडीर बेट आजही ‘बेट’च म्हणवतो. त्याच्यावर हडप्पाकालीन शहर धोळावीरा आहे आणि जवळच ज्युरासिक काळातलं दगड झालेलं लाकूड. 1819च्या भूकंपात तर इथे सुमारे 80 किमी लांबीचा उंचवटा वर आला, सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. लोकांनी त्या उंचवट्याला नाव दिलं, अल्लाह बंद, म्हणजे देवाचा बांध. जमीन कशी हलते, ते यापेक्षा स्पष्ट कुठे बघणार?

छोट्या रणात खडक कमी, जीव जास्त. पावसाळ्यात बनास, रूपेण नद्यांचं गोडं पाणी आणि सुरजबारीच्या खाडीतून आलेलं खारं पाणी इथे एकत्र पसरतं. ते ओसरलं की अगरिया कुटुंबं विहिरीतलं खारं पाणी वाफ्यांत सोडून मीठ पिकवतात. आपल्या आगरी लोकांच्या नावातलं ‘आगर’ ते हेच. रानगाढवं, म्हणजे घुडखर, बघायची असतील तर मात्र छोटं रणच गाठा.