पहिली इलेक्ट्रिक गिटार आणि घरचा छोटा अ‍ॅम्प: तीस हजारांत काय घ्यावं?

पहिली इलेक्ट्रिक गिटार घेणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "पॅसिफिका घेऊ की स्क्वायर?" नवशिक्यांच्या या दोन नेहमीच्या गिटारी; त्याचं उत्तर पुढे देतोच. त्याआधी ही गिटार कधी आणि कुठे वाजणार, हे ठरवा. पुण्यात बहुतेकांसाठी ते ठरलेलंच आहे. कॉलेज किंवा ऑफिस उरकून रात्री साडेनऊनंतर, टू-बीएचकेच्या आतल्या खोलीत, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची झोपायची वेळ.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. पंचवीस-तीस हजारांत बसवायचं असेल तर मोठा वाटा गिटारवर घाला, अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा डबा) छोटा घ्या आणि हजार-दीड हजार सेटअपसाठी, म्हणजे तारांची उंची, मान आणि सूर नीट जुळवून घेण्यासाठी, बाजूला ठेवा. अ‍ॅम्प वर्षभराने बदलता येतो, त्याने हाताला काही इजा होत नाही. पण गिटारच्या तारा उंच असतील, खुंट्या सरकत असतील, तर बोटं दुखतात, सूर लागत नाही, आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. अशा किती गिटारी माळ्यावर जातात! गिटार, अ‍ॅम्प, बॅग, पट्टा सगळं एकत्र देणारे स्वस्त संच मी याच कारणासाठी टाळायला सांगतो. त्या किमतीत चार वस्तू बसवायच्या तर काटकसर गिटारमध्येच होते.

आता गिटारी. खाली ज्या चार सांगतोय त्या साधारण पंधरा ते वीस हजारांच्या आसपास फिरतात. ऑफरप्रमाणे भाव वर-खाली होतो, तेव्हा हजारभर रुपयांच्या फरकावरून निवड करू नका.

यामाहाच्या पॅसिफिका ०१२ मध्ये दोन सिंगल कॉइल पिकअप (तारेचं कंपन विजेत पकडणारी चुंबकी कॉइल) आणि ब्रिजजवळ, म्हणजे तारांचं खालचं टोक टेकतं तिथे, एक हमबकर (दोन कॉइलींचा पिकअप) असतो. स्क्वायरच्या सोनिक स्ट्रॅटमध्ये तिन्ही सिंगल कॉइल. खरा फरक इथे आहे, बाकी रंग आणि आकार डोळ्यांसाठी. सिंगल कॉइलचा आवाज मोकळा, टणत्कारी, हिंदी-मराठी गाण्यांतल्या स्वच्छ आर्पेजिओंना (कॉर्डचे स्वर एकेक करून वाजवणं) फार शोभतो. पण ती कॉइल आसपासच्या ट्रान्सफॉर्मरची, एलईडी दिव्याच्या ड्रायव्हरची गुणगुणही उचलते. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये दोन कॉइली उलट-सुलट जोडून ती गुणगुण एकमेकींत जिरवली, तोच हमबकर. डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला रॉकचा आवाज) लावलं की गुणगुणही वाढते, म्हणून रॉक वाजवणाऱ्याला ब्रिजजवळ हमबकर हवाच असतो. आपण काय वाजवणार हे अजून ठरलेलं नसेल तर पॅसिफिका घ्या, दोन्ही आवाज एकाच गिटारमध्ये मिळतात. मन स्वच्छ आवाजावरच बसलं असेल तर स्क्वायर घ्या, त्यात कमी काही नाही.

मेटल वाजवायचं नक्की असेल, फिरोदिया करंडकाच्या (कॉलेजांच्या स्पर्धेच्या) तालमीत जड रिफ (परत परत येणारे सुरावटीचे तुकडे) लागणार असतील, तर या दोन्ही बाजूला ठेवा आणि इबानेझची जीआरजी १२१ डीएक्स बघा. दोन हमबकर, चोवीस फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि पक्का बसवलेला ब्रिज. हा पक्का ब्रिज नवशिक्यासाठी मोठी सोय आहे. स्ट्रॅटसारख्या गिटारीत स्प्रिंगांवर तरंगणारा ट्रेमोलो, म्हणजे दांडीने हलणारा ब्रिज, असतो. एक तार उतरवली की बाकीच्या पाच चढतात, आणि स्वस्त गिटारीत दांडी दाबली की सूर परत जागेवर येईलच असं नाही. पॅसिफिका किंवा स्क्वायर घेतली तर मागची स्प्रिंगं आवळून ब्रिज लाकडाला टेकवून द्यायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे, सहा महिन्यांची कटकट वाचते.

चौथी एपिफोनची लेस पॉल स्पेशल, तिचं दोन हमबकरवालं स्वस्त मॉडेल. आवाज भरदार. तिची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, 24.75 इंच, वरच्या तिघींची 25.5 इंच. पाऊण इंच लहानसा वाटतो, पण त्याच जाडीची तार तेवढ्याने सैल पडते आणि सहज वाकते. मींड काढायची हौस असेल, आधी हार्मोनियम किंवा गाणं शिकून इकडे वळला असाल, तर हा फरक बोटांना पहिल्या दिवशी कळतो. लांब स्केलवरही 9 ते 42 जाडीचा (इंचाच्या हजाराव्या भागात) तारांचा संच चढवला की बेंड, म्हणजे तार खेचून सूर चढवणं, बराच सोपा होतो.

मॉडेल ठरलं तरी एकाच मॉडेलच्या दोन गिटारी सारख्या नसतात, म्हणून शक्यतो दुकानात जाऊन, हातात घेऊन निवडा. आधी तळहात मानेच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवा. फ्रेटची टोकं टोचतात का? पुण्यात मार्च-एप्रिलची हवा इतकी कोरडी होते की फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं आणि धातूची टोकं बाहेर डोकावतात. पावसाळ्यात गुळगुळीत वाटलेली मान उन्हाळ्यात करवतीसारखी लागू शकते. मग जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवरची फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी असावी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) फिरवून सुधारते, पण तो फिरतो ना हे दुकानदाराला दाखवायला लावा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसती हलकेच स्पर्शून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून काढलेला स्वर ट्यूनरवर जुळला पाहिजे. शेवटी पातळ तार बाराव्यापासून पंधराव्या फ्रेटपर्यंत एकेक करून वर खेचा. मध्येच आवाज गुदमरला तर ती गिटार ठेवून दुसरी मागा. मागायला संकोच करू नका, पैसे तुमचे आहेत.

अ‍ॅम्पकडे येऊ. दुकानात वॅटचा आकडा पुढे केला जातो. दहा वॅटचा वीस केला तर फक्त तीन डेसिबल वाढतात, कानाला आवाज दुप्पट व्हायला साधारण दसपट वॅट लागतात. घरात दहा वॅटही पूर्ण उघडता येत नाहीत. म्हणून वॅट सोडा, स्पीकरचा आकार आणि हेडफोनची सोय बघा.

फेंडर फ्रंटमॅन १०जी हा दहा वॅटचा, सहा इंची स्पीकरचा साधा डबा. क्लीन (स्वच्छ) आवाज छान, ओव्हरड्राइव्ह (थोडा फाटलेला आवाज) कामचलाऊ. मोबाइल जोडून गाण्यासोबत वाजवता येतं, हेडफोनही लावता येतो. बॉसचा कटाना मिनी सात वॅटचा, स्पीकर चार इंची, पण क्लीन, क्रंच आणि ब्राउन असे तीन वेगळे आवाज, वर डिले (आवाजाचा प्रतिध्वनी), आणि सहा पेन्सिल सेलवर चालतो. मी रात्री वाजवणाऱ्याला कटाना मिनी सुचवतो, कारण कमी आवाजातही त्याचं डिस्टॉर्शन पातळ पडत नाही. दिवसा हॉलमध्ये मोकळेपणी वाजवता येत असेल, चार मित्र येत असतील, तर फ्रंटमॅनचा मोठा स्पीकर जास्त सुख देतो.

पैसे फारच आवळलेले असतील तर व्हॉक्सचा अ‍ॅमप्लग घ्या. थेट गिटारच्या जॅकमध्ये खोचायचा, हेडफोन लावायचा, झालं. वाचलेले पैसे गिटारमध्ये घाला. फक्त हेडफोन वायरचाच हवा. ब्लूटूथमध्ये आवाज क्षणभर उशिरा कानात पोचतो, आणि तेवढ्या उशिराने ताल कायमचा बिघडायची सवय लागते.

कटाना मिनीसोबत अ‍ॅडॅप्टर मिळत नाही. पुण्याच्या इलेक्ट्रिक बाजारात, तापकीर गल्लीत, नऊ व्होल्टचे डझनभर मिळतील, पण बॉसला पिनच्या आत ऋण आणि बाहेर धन लागतं. बरेचसे साधे अ‍ॅडॅप्टर नेमके उलट असतात. लेबलवरची खूण वाचल्याशिवाय जोडू नका. पेठांतल्या जुन्या घरात भिंतीच्या वीजजोडणीवर चालणारा अ‍ॅम्प लावणार असाल तर आधी सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. तारांना हात लावल्यावर गुणगुण थोडी कमी होणं ठीक, पण बोटांना झिणझिण्या आल्या तर ताबडतोब प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

सेकंडहँडचाही विचार जरूर करा. मे-जूनमध्ये कोर्स संपवून शहर सोडणारी मुलं चांगल्या गिटारी विकतात, आणि नव्या ०१२च्या पैशांत कधी कधी पॅसिफिका ११२ व्ही मिळून जाते. तिचा हमबकर नॉब ओढून सिंगल कॉइलसारखा वाजवता येतो. पाहायला जाताना स्वतःची वायर न्या, नॉब फिरवून खरखर ऐका, जॅक हलवून आवाज तुटतो का बघा, पहिल्या तीन फ्रेटवर तारांच्या खाचा किती खोल आहेत ते उजेडात तपासा. नॉब आणि जॅक स्वस्तात बदलतात. फ्रेट बदलायला मात्र या किमतीच्या गिटारीवर खर्च परवडत नाही.

आणि गिटार दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी असेल तर वरच्या चारही सोडून स्क्वायरची सोनिक मस्टँग दाखवा. तिची स्केल 24 इंच आहे. पहिल्या फ्रेटवरचा एफ कॉर्ड त्या हातांना तिथे पोचतो.