चौकशी समितीपर्यंत जबरदस्त, पुढे नुसती पळापळ

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मी वरिष्ठ लिपिक आहे. निलंबनाचे आदेश, ज्ञापनं, दोषारोपपत्रं माझ्याच टेबलावर टाइप होतात. त्यामुळे या अनुवादित कादंबरीच्या मलपृष्ठावर ‘शिक्षिकेवर खोटा आरोप’ एवढं वाचलं आणि ऑर्डर टाकली.

इंग्लंडमधल्या एका सरकारी शाळेतल्या इतिहासाच्या बाई. भर पावसात एका विद्यार्थिनीला त्यांनी गाडीतून घरी सोडलं आणि शाळेत नोंद केली नाही. त्याचा फोटो कुणीतरी काढलेला. मला वाटलं, आता पैसे मागणार. तसं होत नाही. पहिली मागणी येते ती एका मुलाचे प्रकल्पाचे चार गुण वाढवण्याची, आणि बाई ते वाढवतात! इथून पुस्तक खाली ठेववेना. कारण पुढे धादांत खोटा आरोप येतो तेव्हा ‘मी काहीच केलं नाही’ असं बाईंना छातीठोकपणे म्हणता येत नाही. गुणांची खाडाखोड तर त्यांच्याच हातची.

तिकडे 2011 च्या शिक्षण कायद्याने एक सोय आहे. विद्यार्थ्याने आरोप केला तरी रीतसर गुन्ह्याचा आरोप ठेवला जाईपर्यंत शिक्षकाचं नाव प्रसिद्ध करता येत नाही. लेखकाने याच सोयीतून पेच काढलाय. पेपरात अक्षर येत नाही, पण पालकांच्या ग्रुपवर ‘नववीच्या इतिहासाच्या बाई’ एवढं पुरतं, कारण नववीला इतिहास शिकवणाऱ्या दुसऱ्या बाईच नाहीत. आपल्याकडे तर ग्रुपही लागत नाही. परिपाठाला कुजबुज झाली की दुपारपर्यंत अशोक चौकातल्या चहाच्या गाड्यावर निकाल लागलेला असतो.

बाईंना घरी बसवतात, पगार मात्र पूर्ण चालू. हे वाचून मला हसूच आलं. आपल्या खासगी शाळांच्या 1981 च्या नियमावलीत निलंबिताला पहिले चार महिने अर्धपगारी रजेइतका निर्वाह भत्ता, आणि त्याची बिलं काढताना काय काय होतं ते मी इथे लिहीत नाही. पण आपल्या चौकशी समितीत तीन जण असतात: एक संस्थेचा, एक कर्मचाऱ्याने स्वतः नेमलेला आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षक. कादंबरीतल्या बाईंच्या बाजूला बसणारं कुणीच नाही. संघटनेचा माणूस एकदा येतो, कॉफी पितो, जातो. तिथली संघटना इतकी थंड असेल हे पटत नाही.

आरोप करणाऱ्या मुलीला खलनायिका केलेलं नाही, हे फार आवडलं. तिच्या तोंडून वदवून घेणारा मोठा माणूस वेगळाच आहे. आपल्या पोक्सो कायद्याचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कलम 22 हाच फरक करतं: खंडणीसाठी किंवा बदनामीसाठी खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, मुलाला मात्र शिक्षा नाही. तिच्या जबाबाच्या प्रकरणात ती जवळजवळ बोलतच नाही, नुसती मान हलवते. पुस्तकातलं सगळ्यात भारी प्रकरण तेच.

मग शेवटची साठ-सत्तर पानं. बंद पडलेली गिरणी, रात्रीचा पाठलाग, आणि गुन्हेगार आपणहून सगळं ओकतो. इतका वेळ कागद आणि ईमेलच्या वेळा जुळवत बसलेल्या बाई एकदम भिंतीवरून उड्या मारायला लागतात. अहो, मध्येच एका पत्रावरची तारीख चुकलेली दाखवलीय! तेवढ्यावरून तो माणूस टेबलाशी बसून पकडता आला असता. मी ती तारीख पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवली होती. लेखक तिच्याकडे पुन्हा फिरकलाच नाही.

अनुवाद सरळ आहे, कुठे अडखळायला होत नाही. छपाई बारीक. बांधणी कच्ची, एप्रिलच्या उन्हात डिंक सुटून मधली पानं हातात आली. पाचपैकी साडेतीन तारे, त्यातला अर्धा कापला तो बांधणीचा. हिराचंद नेमचंद वाचनालयात मिळाली तर तिथूनच आणा. विकतच घ्यायची असेल तर नवी पेठेत कुठे मिळते का बघा आणि मधली पानं उघडून, जरा ओढून बघूनच पैसे द्या.