सिंग डाऊन द मून : वैनगंगेकाठच्या पोरांना वाचून दाखवलेली नवाहो पोरीची गोष्ट

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. सहावी-सातवीच्या पुढच्या पोरांसाठी इतिहासावरची चांगली गोष्ट शोधत असाल तर स्कॉट ओडेल यांचं 'सिंग डाऊन द मून' नक्की घ्या, फक्त पोराच्या हातात देऊन मोकळे होऊ नका, सोबत बसून वाचा आणि शेवटचा भाग झाल्यावर पुढचा इतिहास तुम्ही स्वतः सांगा. तो काहून सांगायचा ते खाली लिहिलं आहे.

पुस्तक १९७० चं आहे, अमेरिकेतलं, १९७१ मध्ये त्याला न्यूबेरी ऑनर (मुलांच्या पुस्तकांसाठीचा तिकडचा मानाचा सन्मान) मिळाला. छोटंसंच आहे, दीडशे पानांच्या आतलं, इंग्रजी एकदम सोपं, वाक्यं तुटक तुटक. माझ्या कॉपीत चित्रं नाहीत, नकाशा नाही, अक्षर जरा बारीक आहे. ऑनलाइन मागवलं तर गावात डिलिव्हरी येत नाही, तालुक्याला जाऊन उचलावं लागतं, हे खेड्यातल्यांना माहीतच आहे.

आम्ही पवनीकडचे. संध्याकाळी समाज मंदिरात पोरं जमतात, त्यांना मी पुस्तकं वाचून दाखवते, इंग्रजी असलं की वाचत वाचतच मराठीत सांगत जाते. यातली अर्धीअधिक पोरं पुनर्वसनातल्या गावठाणावर राहणारी आहेत, म्हणजे त्यांचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि पोरं जन्मली नव्या जागी. हे मुद्दाम लिहिते आहे कारण या पोरांनी ही गोष्ट ज्या कानांनी ऐकली त्या कानांनी शहरातली पोरं ऐकतील की नाही ते मला सांगता येत नाही.

गोष्ट अशी. ब्राइट मॉर्निंग नावाची चौदाएक वर्षांची नवाहो पोरगी (नवाहो ही अमेरिकेतली एक आदिवासी जमात), अमेरिकेतल्या ॲरिझोनात कॅन्यन डी शे नावाची खोल दरी आहे (लिहितात वेगळं पण शेवटचा उच्चार 'शे' असाच करायचा), तिथं तिच्या आईच्या मेंढ्या आहेत आणि त्या चारायला नेणं हे तिचं काम. मागच्या वर्षी वादळात घाबरून ती मेंढ्या टाकून घरी पळाली होती म्हणून आईनं नंतर किती दिवस तिला मेंढ्यांना हातच लावू दिला नाही. आई ओरडत नाही, मारत नाही, फक्त मेंढ्या देत नाही. इथं आमच्याकडची बकऱ्या चारणारी पोरं एकदम सावरून बसली. एक पोट्टा म्हणाला, "ताई, आमच्या आबाजीनं मलेबी असंच केलतं जी, एक पाठ हरवली तं पुरा उन्हाळा बकऱ्या नाई देल्या." पुस्तकानं पोरं पकडली ती इथंच, आणि लेखकाचं मोठं कसब मला यातच दिसतं की पुढं काय जाणार आहे ते तो आधी नीट दाखवतो, मेंढ्या, पीचची झाडं, मका, दरीतली नदी, मैत्रिणींची चिडवाचिडवी. सैनिक नंतर येतात.

पहिल्या भागात मात्र वेगळंच संकट आहे. स्पॅनिश बोलणारे गुलामांचे व्यापारी तिला आणि तिच्या मैत्रिणीला उचलून नेतात आणि एका शहरात विकतात, तिथं नेहाना नावाची दुसऱ्या जमातीची पोरगी भेटते, तिच्या हिमतीवर त्या पळून येतात. टॉल बॉय नावाचा तरुण वाचवायला येतो, त्याला गोळी लागते आणि त्याचा उजवा हात कायमचा निकामी होतो. पोरांना हा भाग सगळ्यात आवडला, घोडे आहेत, रात्रीचं पळणं आहे. मला सुरुवातीला वाटलं होतं की हे मूळ विषयाच्या बाहेर चाललंय का, पण नाही, त्या काळात न्यू मेक्सिकोतल्या घरांमध्ये नवाहो बायका आणि लेकरं पकडून आणून कामाला ठेवायचे, हे खरंच मोठ्या प्रमाणावर चालायचं, आणि पुढं अमेरिकन सरकारशी तह झाला त्याच्या बोलणीतसुद्धा नवाहोंच्या पुढाऱ्यानं आमची पळवलेली माणसं परत द्या हा विषय काढला होता. त्यामुळं तो भाग असू द्या. फक्त पोरांचा गोंधळ होतो, हे व्यापारी वेगळे आणि नंतर येणारे सैनिक वेगळे, हे दोन-तीनदा सांगावं लागतं.

मग येतो तो भाग ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले. सैनिक दरीत येतात, लोक वर कड्यावर जाऊन लपतात आणि वरून बघत राहतात. खाली घरं जळतायत, उभं पीक तुडवलं जातंय, आणि मग सैनिक पीचची झाडं तोडायला लागतात. लेखक इथं काहीच समजावून सांगत नाही. पोरगी बघते तेवढंच लिहितो.

समाज मंदिरात गप्प झाले सगळे. मग एक बारकी पोरगी बोलली, "झाडं काऊन तोडली जी ताई? झाडायनं काय केलतं?"

आता याचं उत्तर पुस्तकात नाही, ते आपल्याला द्यावं लागतं, म्हणून इथं लिहून ठेवते. १८६३ मध्ये जनरल जेम्स कार्लटन नावाच्या अमेरिकन अधिकाऱ्यानं ठरवलं की नवाहो लोकांना त्यांच्या मुलखातून काढून लांब नेऊन बसवायचं, आणि हे काम त्यानं किट कार्सन नावाच्या सैन्यातल्या माणसाला दिलं. लढाई फारशी झालीच नाही. कार्सनच्या माणसांनी वावरं जाळली, मेंढ्या मारल्या, पाण्याच्या जागा खराब केल्या, १८६४ च्या जानेवारीत ऐन बर्फात कॅन्यन डी शे मध्ये घुसले, आणि त्याच वर्षी हजारो पीचची झाडं कुऱ्हाडीनं पाडली. म्हणजे खायला काहीच राहणार नाही आणि माणसं आपोआप खाली उतरतील, हा हिशोब. झाड हाच शत्रू होता त्यांच्यासाठी, कारण झाड उभं आहे तोवर माणूस परत येतो.

त्या दिवशी ऐकायला एक आजी पण बसल्या होत्या, नातीला न्यायला आलेल्या. त्या उठल्याच नाहीत. मग स्वतःच बोलायला लागल्या, आमच्या जुन्या घरामागं दोन आंबे, एक चिच, बांधीच्या धुऱ्यावर तीन मोहाची झाडं, साहेब लोक आले आणि झाडं मोजून कागदावर लिहून नेली, मोबदला पण भेटला, पण मोहफूल वेचायला जायचं कुठं आता. पोरांनी हे आधी कधी ऐकलंच नव्हतं, सख्ख्या नातीनं सुद्धा नाही. मी पुस्तक मिटून ठेवलं आणि आजींना बोलू दिलं.

इथं एक गोष्ट मी पोरांना स्पष्ट सांगितली आणि तुम्ही पण सांगा. धरणासाठी उठलेलं गाव आणि बंदुकीच्या धाकानं बर्फातून हाकललेले लोक हे एकच नाही, तिथं चालता येत नसलेल्या म्हाताऱ्यांना आणि गरोदर बायांना वाटेतच गोळ्या घातल्याच्या आठवणी नवाहो घरांमध्ये आजही सांगतात. दुःख मोजायची चढाओढ करायची नाही. पण एक जागा सोडताना माणसाचं काय काय सुटतं हे आमच्या पोरांना या पुस्तकामुळं त्यांच्याच आजीला विचारावंसं वाटलं, आणि याच्यासाठी मी पुस्तकाला काय वाट्टेल ते मार्क द्यायला तयार आहे.

चालण्याचा भाग जड आहे. सैनिक या लोकांना चालवत नेतात ते न्यू मेक्सिकोत पेकोस नदीच्या काठी, फोर्ट समनर या सैनिकी ठाण्याजवळच्या बोस्के रेदोंदो नावाच्या छावणीत, तीनशे मैलांच्या वर, म्हणजे पाचशे किलोमीटरच्या आसपास, वाट बदलली तर त्याहून जास्त. मी पोरांना सांगितलं, नागपूरहून संभाजीनगरपर्यंत पायी, थंडीत, अंगावर जे आहे त्याच्यावर. सगळे एकदाच गेले असं नाही, तुकड्या-तुकड्यांनी नेले, मिळून आठ हजारांच्या वर लोक तिथं ठेवले. पुस्तकात लिटल रेनबो नावाच्या बाईला दोन लेकरं सांभाळणं होत नाही म्हणून ती आपली तान्ही मुलगी ब्राइट मॉर्निंगकडे देते, ती तिला घेऊन चालते, आणि ते लेकरू वाचत नाही. ब्राइट मॉर्निंगची आजी पण मरते. आईबापांना सांगते, हा भाग झोपायच्या आधी वाचू नका, दिवसा वाचा आणि नंतर बोलायला वेळ ठेवा. आमच्याकडं एक पोरगी रडली, आणि तिला रडू दिलं ते बरंच झालं.

लिहिण्याची पद्धत मला फार आवडली. ब्राइट मॉर्निंग कधी भाषण करत नाही, अन्याय झाला वगैरे म्हणत नाही, थंडी होती म्हणते, मेंढ्यांचं काय झालं असेल म्हणते. तुरीच्या दाण्यासारखं आहे हे लिखाण, वरून सुकं आणि शिजवलं की फुगतं. आपल्याकडं लहान पोरांसाठीच्या इतिहासाच्या गोष्टींमध्ये दर दोन पानांनी कोणीतरी गर्जना करतं, त्याची सवय असलेल्या पोरांना सुरुवातीला हे फिकं वाटेल. थांबा थोडं.

आता जे पटलं नाही ते.

बोस्के रेदोंदोला पोचल्यावर गोष्ट सैल पडते. पुरुष नुसते बसून असल्यासारखे दिसतात, हरलेले, आणि टॉल बॉयला सुद्धा जवळजवळ प्रत्येक वेळी ब्राइट मॉर्निंगनंच हलवावं लागतं. लेखक स्वतः नवाहो नाहीत, कॅलिफोर्नियातले गोरे लेखक, आणि मला वाटतं ते इथं दिसून येतं. खऱ्या इतिहासात हे लोक नुसते बसले नव्हते. मॅन्युएलितो नावाचा पुढारी १८६६ पर्यंत शरणच आला नाही. छावणीत पेकोसचं पाणी खारट, प्यायलं की पोट बिघडायचं, मका पेरला तर अळ्यांनी खाल्ला, जळणासाठी मैल मैल जाऊन मुळं खणून आणायची, रेशनमध्ये कणीक आणि कॉफीच्या बिया मिळायच्या आणि कॉफी कधी पाहिलेलीच नाही तर लोक त्या बिया डाळीसारख्या शिजवायला ठेवायचे. सोबत मेस्कालेरो अपाची या दुसऱ्या जमातीच्या लोकांना पण तिथंच कोंडलं होतं, ते १८६५ मध्ये एका रात्रीत जवळपास सगळेच निघून गेले. चार वर्षांत नवाहोंचे दोन हजारांच्या आसपास लोक मेले असं सांगितलं जातं. यातलं थोडंच पुस्तकात येतं, आणि जे येतं ते घाईघाईत.

आणि माझी मुख्य तक्रार शेवटाबद्दल आहे. शेवटी ब्राइट मॉर्निंग आणि टॉल बॉय छावणीतून निसटतात आणि आपलं लेकरू घेऊन दरीत परत येतात. वाचायला सुंदर आहे, डोळे भरतात. पण पोरं काय समजली? की हिंमत असेल तो पळून घरी येतो आणि बाकीचे तिथंच राहिले. एका पोरानं विचारलं पण, "मंग बाकीचे काऊन नाई पळाले?" इतिहासात झालं ते याहून मोठं आहे आणि ते पुस्तकाच्या गोष्टीत नाहीच. १८६८ मध्ये बार्बोन्सितो नावाचा नवाहो पुढारी सरकारकडून बोलणीला आलेल्या जनरल शर्मनसमोर उभा राहिला आणि आम्हाला दुसरीकडं कुठंही नेऊ नका, आमच्या मुलखातच परत जाऊ द्या, यावर अडून बसला. सरकारचा विचार तर त्यांना अजून पूर्वेला पाठवायचा होता. १ जून १८६८ ला तह झाला आणि त्याच महिन्यात सगळे लोक घराकडं निघाले, मैलोन् मैल लांब रांग. अमेरिकेत हाकललेल्या आदिवासींपैकी आपल्याच जागेवर परत जायला मिळालेले लोक फार थोडे आहेत आणि त्यात हे आहेत. पळून नाही, बोलून, एकत्र राहून मिळवलं. हे आमच्या पोरांना कळायलाच पाहिजे असं मला वाटतं, ज्यांच्या घरात अजून कागदपत्रं आणि अर्ज चालू आहेत त्यांना तर जास्तच.

तहात १५,००० मेंढ्या-बकऱ्या द्यायचं पण कलम आहे. हे सांगितल्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्याच तहात ६ ते १६ वर्षांच्या पोरांना सक्तीनं शाळेत घालायचं कलम होतं, ते पण सांगितलं, त्यावर मात्र वाद झाला, शाळा तं चांगलीच असते ना म्हणून. आपल्या भाषेत नसलेली शाळा, घरापासून तोडणारी शाळा, यावर पूर्ण संध्याकाळ गेली आणि आश्रमशाळेत राहून आलेल्या एका पोरानं जे सांगितलं ते मी इथं लिहीत नाही, ते त्याचं आहे.

पुस्तकाच्या मागं लेखकाची छोटी टीप आहे इतिहासाबद्दल, ती वाचाच, पण ती पुरेशी नाही, वरचं सगळं तुम्हाला भरावं लागेल.

पाचपैकी चार देते. एक कापला तो शेवटासाठी. पाचवीच्या आतल्या लेकरांना नको, बाळाचा प्रसंग आणि गुलामांच्या बाजाराचा भाग त्यांना झेपणार नाही. इंग्रजी वाचणाऱ्या आठवीच्या पोरांना एकट्यानं जमेल, बाकीच्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, दर वेळी दोन-तीन प्रकरणं बास. भिंतीवर खडूनं नकाशा काढून ठेवा, डाव्या बाजूला दरी, उजव्या बाजूला पेकोस नदी, पोरं रोज बोट ठेवून बघतात आज कुठंपर्यंत पोचली. आणि घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर झाडं तोडायच्या प्रकरणाच्या दिवशी त्यांना बोलावून बसवा. पवनी-अड्याळच्या आसपास कोणाला वाचायला हवं असेल तर माझी कॉपी घेऊन जा, फक्त धानाची कापणी संपायच्या आत परत द्या, दुसरी बॅच तेव्हा सुरू होते.