प्रिन्सिपलला काढलं, पण आमचे 1,07,200 कुठे गेले?

आधीच सांगतो, हसायचं असेल तर हसून घ्या. मी इंदूरच्या सियागंज बाजारात एका होलसेलवाल्याकडे एकोणीस वर्षं हिशेब बघतो. दुसऱ्यांची बिलं तपासायचा पगार घेतो आणि स्वतः मुलांच्या शाळेत प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये बसून, चहा पिऊन, लुबाडला जाऊन आलोय. शाळेचं नाव लिहीत नाही, वकिलाने मना केलंय. इंदूरमधली आहे एवढं पुरे.

22 मार्च 2025, शनिवार. फीसच्या खिडकीवर कागद चिकटवलेला, सर्व्हर डाऊन. शिपाई म्हणाला प्रिन्सिपल मॅडमनी आत बोलावलंय. मॅडम मराठी, हे महत्त्वाचं आहे, कारण इथे शाळेत कोणी 'या ना, बसा' म्हटलं की आपण अर्धे तिथेच विरघळतो. बायकोला विचारलं, ताई माहेर कुठलं, ती म्हणाली देवास, तर मॅडमची आजीपण देवासचीच निघाली! आता वाटतं मी उज्जैन सांगितलं असतं तर आजी उज्जैनची झाली असती.

मग म्हणाल्या, पुढच्या सत्रात फीस पूर्ण 10 टक्के वाढणार, तेवढी कायद्यात बसते, त्यावर वाढवायची असेल तरच जिल्हा समितीकडे जावं लागतं. हे खरं आहे, एमपीत 2017 चा कायदा आहे, मला माहीत होतं, आणि म्हणूनच पुढचं सगळं पण खरं वाटलं. एकरकमी भराल तर वाढ नाही, उलट 10 टक्के सूट. मुलीचे 58,600, मुलाचे 49,400, झाले 1,08,000, सूट जाऊन 97,200, वर स्मार्ट क्लासचं डिपॉझिट पाच-पाच हजार. एकूण 1,07,200. पन्नास हजार रोख दिले (सूट घ्यायची म्हणून सकाळीच काढून आणले होते, शाळेच्या ग्रुपवर 'एकरकमी सूट, मर्यादित सीट' असा मेसेज फिरत होता), बाकी 57,200 क्यूआरवर.

क्यूआर खिडकीवरचा नव्हता, त्यांच्या ड्रॉवरमधून निघाला. स्क्रीनवर कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं नाव आलं. मी विचारलं, विचारलं नाही असं नाही! तर म्हणे ट्रस्टचं दुसरं खातं आहे. बायको बाजूला बसलेली, समोर चहा, अशा वेळी माणूस वाद घालतो का? स्क्रीनवर शाळेचं नाव नसेल तर पिन टाकू नका, समोर कोणीही बसलेलं असो.

पण मला रात्री झोप येत नाही ती वेगळ्याच गोष्टीमुळे. मॅडमनी रसीदबुक काढलं, पेनाने लिहिलं, शिक्का मारला, टर्रकन फाडून दिलं, आणि खालचं पान कोरं. मला दिसलं. कार्बन नव्हता, म्हणजे शाळेकडे नक्कलच राहणार नव्हती! पांढरं स्वच्छ पान, त्यावर पेनाच्या दाबाच्या नुसत्या रेघा. दुकानात एखाद्या पोराने असं केलं तर मी त्याच्या हातातून बुक ओढून घेतो. नंबर छापलेला नाही, हाताने घातलेला. पाच हजारावर रोख घेतली की एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं हे मी रोज चार जणांना ऐकवतो, तेही नव्हतं. मी रसीद घडी करून खिशात घातली आणि थँक्यू म्हणालो.

जूनमध्ये शाळेच्या ॲपवर फीस ड्यू दिसायला लागली. मॅडम म्हणाल्या अपडेट होईल, थांबा. मी थांबलो. तुम्ही थांबू नका, पैसे भरल्या दिवशीच ॲपवर एन्ट्री बघा आणि नसेल तर शाळेला लेखी द्या, व्हॉट्सॲप नाही, लेखी. ऑगस्टमध्ये गेटवर नोटीस लागली, वित्तीय अनियमिततेमुळे प्राचार्यांची सेवा समाप्त. काही पालकांनी टाळ्या वाजवल्या, बघा मॅनेजमेंट कशी कडक. अरे कसली कडक! त्यांनी तिला काढून हात झटकले, आणि आम्हा फसलेल्या अडतीस पालकांना सांगितलं की अधिकृत खात्याबाहेर दिलेल्या पैशाची जबाबदारी शाळेची नाही, फीस पुन्हा भरा.

पोलिसांकडे गेलो तर, ये तो आपका सिविल मॅटर है, स्कूल से शिकायत करवाओ. स्कूल म्हणे आमची अंतर्गत चौकशी झाली, विषय संपला. फसवणुकीचं पूर्वीचं कलम 420 आता नव्या कायद्यात 318 झालंय, 1 जुलै 2024 पासून, विश्वासघाताचं 316, मी कागदावर लिहून नेलं होतं, साहेबांनी कागद घडी करून पेपरवेटखाली ठेवला. शिक्षण खात्यात बाबू म्हणाला प्रायव्हेटचा प्रिन्सिपल आम्ही नेमलेला नाही. मंगळवारी जनसुनवाईत, म्हणजे सरकारी अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे, उभा राहिलो, अर्ज फिरून त्याच बाबूच्या टेबलावर! त्याने मलाच फोन केला, भाईसाहब, आपने फिर लिख दिया? सरकारी हेल्पलाइनवर घातलेली तक्रार तर 'निराकरण झाले' म्हणून बंद, मला न विचारता. 1930 ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मी चार महिन्यांनी फोन केला, हा मूर्खपणा माझा, तिथे जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे अडकण्याची शक्यता जास्त. आणि कुठेही अर्ज द्याल तर दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, माझा पहिला अर्ज म्हणे आलाच नव्हता.

वकील म्हणतो केस आहे. 1872 चा कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट, कलम 237, मालकाच्या वागण्यामुळे लोकांना वाटलं की एजंटला हा अधिकार आहे, तर मालक बांधला जातो. शाळेची खुर्ची, शाळेचा शिक्का, शाळेची केबिन, मग आम्ही काय समजायचं? गंमत म्हणजे या कायद्यात मालकालाच प्रिन्सिपल म्हणतात.

घरात अजून बोलणं बंद आहे, कारण सूट घ्यायची घाई माझी होती, बायको म्हणत होती सोमवारी खिडकी उघडली की भरू. मुलांना मध्येच कुठे नेणार, म्हणून पहिला हप्ता 27,000 परत भरला, खिडकीवर, चेकने. नोटिशीचे वकिलाने 3,500 घेतले, रोख. त्याने फाइल बंद केली तरी मी उठलो नाही, रसीद मागितली. छापील बुक नव्हतं त्याच्याकडे, लेटरहेडवर लिहून दिली. साडेतीन हजाराला तिकीट लागत नाही, तरी माझ्या पाकिटात होतं.