आर्केड कॅबिनेटची एलईडी बटणं: ५ व्होल्टची घ्यायची की १२ व्होल्टची?

दोघांनी खेळायचं आर्केड गेमचं कॅबिनेट म्हणजे प्रत्येकी सहा बटणं, वर दोन स्टार्ट, दोन कॉइन, झाली १६. एका एलईडीला २० मिलिअँपिअर धरले तर सगळी मिळून ३२०, म्हणजे करंट काही फार नाही, प्रश्न व्होल्टेजचाय आणि तो बटणं मागवायच्या आधीच सोडवायला लागतो, कारण १२ ची बटणं ५ वर मिणमिणतात नाहीतर पेटतच नाहीत, आणि ५ च्या बटणाला १२ दिले की एलईडी गेलाच समजा.

५ ची सगळ्यात मोठी सोय म्हणजे सप्लाय घरातच पडलेला असतो. जुना ५ व्होल्ट २ अँपिअरचा चार्जर घ्या, यूएसबी केबल कापा, मल्टिमीटर लावून प्लस-मायनस बघा, काम झालं. बरेच जण एन्कोडर बोर्डातूनच (बटणं यूएसबीने कॉम्प्युटरला जोडणारा बोर्ड) लाइट देतात, तेही चालतं, यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात. पण कॅबिनेटमध्ये रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर असेल आणि त्याचा अडॅप्टर जेमतेम असेल तर स्क्रीनवर व्होल्टेज कमी पडल्याचं पिवळं विजेचं चिन्ह यायला लागतं. माझ्याकडे आलं होतं, लाइट वेगळ्या चार्जरवर टाकले आणि ते गेलं.

५ ची खरी अडचण वायरिंगची आहे. निळ्या-पांढऱ्या एलईडीला स्वतःलाच ३ व्होल्टच्या वर लागतात, म्हणजे करंट आवरणाऱ्या बटणातल्या रेझिस्टरच्या वाट्याला उरतात पावणेदोन-दोन. आपण ग्राउंड, म्हणजे मायनसची वायर, एका बटणावरून दुसऱ्यावर असा नेतो, त्यात एखादं थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची क्लिप) ढिलं दाबलं गेलं आणि तिथे अर्धा व्होल्ट पडला की पुढची सगळी बटणं स्पष्ट मंद दिसतात. माझी प्लेअर दोनची शेवटची चार अशीच मंद होती, मी आधी बटणांवरच संशय घेतला, मग मीटर घेऊन एकेक थिंबल तपासत गेलो तर तिसऱ्या बटणावरचं थिंबल बोटाने हलत होतं. पक्कडीने नीट दाबलं आणि शेवटच्या बटणापासून एक वायर परत सप्लायकडे आणली, आता १६ सारखी पेटतात.

१२ मध्ये हे जाणवत नाही, कारण रेझिस्टरवर ९ च्या आसपास असतात, त्यातला अर्धा व्होल्ट गेला तरी डोळ्याला कळत नाही. शिवाय मार्कीची (कॅबिनेटच्या वरची उजळणारी नावाची पाटी) एलईडी स्ट्रिपही बहुतेक वेळा १२ चीच असते, तीही त्याच अडॅप्टरवर चालते. मात्र इथे एक चूक महागात पडते: बटणाला चार पिना असतात, दोन स्विचच्या दोन लाइटच्या, आणि १२ ची वायर चुकून स्विचवर गेली तर एन्कोडर जाऊ शकतो. दोन्हींना वेगवेगळ्या रंगाच्या वायरी वापराच.

कॉम्प्युटरचा जुना एसएमपीएस (पॉवर सप्लायचा डबा) असेल तर लाल वायरवर ५, पिवळीवर १२, दोन्ही मिळतात, पण हिरवी काळीला जोडल्याशिवाय तो सुरू होत नाही. एवढ्याशा लाइटसाठी तो धूड आत ठेवणं मला पटत नाही.

आरजीबीच्या, म्हणजे रंग बदलणाऱ्या बटणांच्या, वाटेला पहिल्याच कॅबिनेटला जाऊ नका, तिथे कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर दोन्ही वाढतं.

नुसती कायम पेटलेली बटणं हवी असतील तर माझं मत ५ व्होल्ट, वेगळ्या चार्जरवर. मार्कीला १२ ची स्ट्रिप लावायचं आधीच ठरलं असेल तर मात्र बटणंही १२ ची घ्या, एकच अडॅप्टर पुरतो.