वाळूच्या टेकड्यांचा नकाशा: सेंटिनेल, फुकटचे उंची-नकाशे, ड्रोन की लिडार?

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या नकाशावर आणायच्या असतील, तर आधी एक ठरवा: टेकडीची उंची आणि आकार हवा आहे, की ती गेल्या काही वर्षांत किती झिजली, किती सरकली ते हवं आहे? दोन्ही एकाच साधनाने मिळत नाही. उपग्रहाचं रंगीत चित्र वाळू आणि झाडोरा दाखवतं, उंचवटा दाखवत नाही. सपाट कोरडी पुळण आणि पाच मीटरची उघडी टेकडी त्यात सारखीच पांढरी दिसते.

काळाच्या मोजमापात सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांना तोड नाही. प्रतिमा 2015 पासूनच्या, फुकट, 10 मीटर तपशिलाच्या आणि दोन उपग्रह मिळून दर 5 दिवसांनी. त्याआधीचं हवं असेल तर अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांच्या 30 मीटरच्या प्रतिमा 1980 च्या दशकापासून आहेत. पावसाळ्यात ढगांमुळे हाती फारसं लागत नाही. ऑक्टोबर ते मे हाच कामाचा काळ. नोव्हेंबरची एक आणि एप्रिलअखेरची एक अशा दोन प्रतिमा घ्या. नोव्हेंबरात मर्यादवेल, गवत, सुरू सगळंच हिरवं असतं. एप्रिलपर्यंत गवत वाळतं, सुरू हिरवाच राहतो. बँड 8 (अवरक्त) आणि 4 (लाल) वरून दोन्ही तारखांचा वनस्पती निर्देशांक, म्हणजे हिरवेपणाचं माप, काढून वजाबाकी केली, की किनाऱ्यालगतचा गवताळ पट्टा सुरूच्या बनापासून वेगळा पडतो. पहिली टेकडी बहुधा याच पट्ट्यात सापडते. सिमेंटची छपरं आणि मोकळी अंगणं मात्र वाळू म्हणून घुसतात, ती हाताने काढावी लागतात. दोन-तीन मीटर रुंदीच्या, नुकत्या धरू लागलेल्या टेकड्या यात कधीच दिसणार नाहीत.

इथे बरेचजण पाण्याची कड मोजतात आणि फसतात. पुळणीचा उतार पन्नासास एक असेल, तर भरती-ओहोटीतल्या 3 मीटर फरकाने कड 150 मीटर सरकते. शिवाय उपग्रह आपल्याकडे सकाळी अकराच्या सुमारास जातो आणि अमावास्या-पौर्णिमेची भरतीही साधारण त्याच वेळेला, दुपारच्या आगेमागे येते. त्यामुळे उधाणाची पूर्ण ओहोटी या प्रतिमांत जवळपास सापडतच नाही. मोजायची ती झाडोऱ्याची कड. ती भरतीबरोबर हलत नाही.

उंचीसाठी उपग्रहांवरून केलेले फुकटचे 30 मीटरचे नकाशे (एसआरटीएम, कोपर्निकस, इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचा कार्टोडेम) घ्यायचा मोह होतो. माझं स्पष्ट मत: या कामासाठी नको. कार्टोडेमची जाहीर केलेली उभी अचूकताच 8 मीटर आहे, आणि आपल्या बहुतेक टेकड्या त्याहून बुटक्या. केळशीसारखी मोठी टेकडी हा अपवाद. त्याहून वाईट म्हणजे हे नकाशे जमिनीऐवजी बऱ्याच अंशी झाडांचे शेंडे मोजतात. किनाऱ्याला समांतर लावलेलं बारा-पंधरा मीटरचं सुरूचं बन त्यात हुबेहूब वाळूच्या रांगेसारखं उठून दिसतं. उंचीचा शून्यही तपासा: कार्टोडेमची उंची लंबगोलापासून (पृथ्वीच्या गणिती आकारापासून) मोजलेली, बाकीच्या दोघांची समुद्रसपाटीच्या जवळची. कोकणात या दोन शून्यांत साठ मीटरहून जास्त फरक पडतो, म्हणून कार्टोडेममध्ये पुळण उणे साठच्या घरात दिसते.

खरी निवड ड्रोनचे फोटो आणि लिडार (हवेतून लेझरने केलेलं उंचीचं मोजमाप) यांच्यात आहे.

उघड्या वाळूवर ड्रोन उत्तम. 20 मेगापिक्सेलचा, एक इंची सेन्सरचा कॅमेरा 100 मीटरवरून साधारण 2.7 सेंटीमीटरचा तपशील देतो. फोटो उड्डाणाच्या दिशेने 80 टक्के आणि बाजूने 70 टक्के एकमेकांवर यायला हवेत. नियंत्रण खुणा (जमिनीवर ठेवून अचूक मोजलेल्या खुणा) नीट असतील तर फोटो जुळवून केलेल्या उंचीच्या मॉडेलमध्ये उंची 3 ते 5 सेंटीमीटरपर्यंत भरवशाची. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. अरुंद, लांब किनाऱ्यावर नुसत्या सरळ रेषांत उडवून खुणा एकाच टोकाला ठेवल्या, तर मॉडेल मध्ये फुगतं किंवा खचतं आणि नसलेला उतार दिसू लागतो. दोन्ही टोकांना, मध्ये, टेकडीच्या माथ्यावर आणि पायथ्याशी मिळून आठ-दहा खुणा ठेवा. त्यांतल्या तीन पडताळणीसाठी बाजूला राखा. कॅमेरा वीस-तीस अंश तिरका करून एक जादा फेरी मारा. भर दुपारी पांढरी वाळू फोटोत जळून जाते, जुळवणीला काही उरत नाही आणि मॉडेलमध्ये भोकं पडतात. सकाळी आठ ते दहा या वेळात वाळूवरच्या लहरींच्या सावल्या मिळतात, वाराही कमी असतो. गोव्यात दाबोळी आणि मोपा विमानतळ असल्याने हवाई क्षेत्राचा नकाशा आधी बघा. मोरजी, गालजीबाग, वेळास अशा कासवांच्या किनाऱ्यांवर वनखात्याला विचारल्याशिवाय ड्रोन उडवू नका.

सुरूखाली मात्र ड्रोनचे फोटो आंधळे. तिथे लिडार लागतो. सुरूचा पर्णसंभार विरळ असल्याने लेझरचे पुरेसे किरण जमिनीला लागून परततात. दाट केवड्यात आणि काजूत तसं होत नाही, आणि वाळूला चिकटलेली मर्यादवेल तर जमीनच समजली जाते. लिडारच्या बिंदूंतून जमीन वेगळी काढणारा संगणकी गाळक बहुधा सपाट शेतजमिनीच्या मापांवर ठरवलेला असतो. तो टेकडीचा टोकदार माथा झुडूप समजून कापून टाकतो. गाळकाच्या जाळीचा चौकोन एक-दोन मीटरवर आणा, उताराची मर्यादा वाढवा आणि निकाल आडव्या छेदांवर तपासा.

मॉडेल कुठलंही असो, उंचवटे सावलीने दाखवणाऱ्या छायांकनाचा (हिलशेड) प्रकाश 270 आणि 90 अंशांवरून, म्हणजे पश्चिमेकडून आणि पूर्वेकडून, टाका. आपला किनारा उत्तर-दक्षिण आहे. उत्तरेकडून प्रकाश टाकला तर रांगा गायब होतात. मग दर 10 मीटरला आडवा छेद घेऊन पायथा, माथा आणि मागची उतरण नोंदवा. माथ्याची रेघ मध्येच खाली जाऊन वाळू आत पसरलेली असेल, तर वाऱ्याने पाडलेली खिंड आहे. अगदी सरळ, सारख्या रुंदीची चीर असेल तर ती बहुतेक माणसांची पायवाट.

2019 च्या किनारी नियमन अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सर्वाधिक संरक्षित वर्गात आहेत. त्यासाठी हद्द दाखवायची असेल तर नुसत्या सेंटिनेलवर विसंबू नका. झाडोरा विरळ असेल तर ड्रोन पुरतो. बन असेल आणि लिडारचे पैसे नसतील, तर समोरची बाजू ड्रोनने करा आणि बनात दर 50 मीटरला समुद्राकडून आत एक रेघ ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजणारी दुर्बीण) आणि पट्टीने मोजा. झाडांखाली आरटीके, म्हणजे उपग्रहांवरून सेंटीमीटरपर्यंत जागा सांगणारं यंत्र, वारंवार संकेत गमावतं.